हाय आणि आसंल

मंगळवार, ४ ऑगस्ट १९४२

नानासो मास्तर म्हणतात, मॅट्रिकला बाहेरून बसायचं तर रोज चार ओळी इंग्रजीत लिहायच्या, त्याशिवाय हात वळत नाही. महिनाभर तशा लिहिल्या. ‘आय ॲम चंदनबाला. आय टीच ट्वेंटी गर्ल्स.’ आज मात्र मराठीतच लिहिते. आज घडलं त्याला माझं इंग्रजी पुरायचं नाही.

शाळा सुटायच्या बेताला आकाराम आबा स्वतः आले. हातात लांब खाकी पाकीट. त्यांचा मुलगा नाथाजी मराठा पलटणीत आहे, दीड वर्षापासून समुद्रापार लिबियाच्या वाळवंटात. एरवी त्याची मराठी पत्रं मीच वाचून दाखवते.

"बाई, ह्यो सरकारी कागद हाय. विंग्रजी. तेवढा वाचून दावा," आबा म्हणाले.

त्यांच्या सोप्यात बसून वाचला. मनुबाई मावशी चुलीपुढून उठून आल्या. नाथाजीची बायको रंगू दाराला धरून उभी राहिली. कागद टंकलेला, सगळी अक्षरं मोठ्या, कॅपिटल लिपीतली. पहिली ओळ लागली, तुमचा मुलगा शिपाई नाथाजी, मग त्याचा नंबर. मग ‘रिपोर्टेड मिसिंग’, २१ जून. मिसिंग म्हणजे हजेरीला नसलेला. २१ जूनला तसं वर कळवलेलं दिसतं. पुढचं वाक्य ‘ही मे हॅव बीन किल्ड’. हे रूप मास्तरांनी गेल्याच रविवारी घोटून घेतलं होतं. कर्मणी प्रयोग, पूर्ण वर्तमानकाळ. मारला गेला आहे. मे महिन्यात.

मी म्हणाले, "आबा, नाथाजी गेले. मे महिन्यात."

पुढचं वाचणं झालंच नाही. मावशींनी जो हंबरडा फोडला त्यानं अख्खी आळी गोळा झाली. कागद कुणी माझ्या हातातून घेतला तेही कळलं नाही. रंगूला बायकांनी उंबऱ्यापाशी बसवलं आणि तिच्या बांगड्या फोडल्या. ती वीस वर्षांची आहे. माझ्या फोडल्या तेव्हा मी पंधराची होते, आणि मलाही ती बातमी दुसऱ्याच कुणी वाचून दाखवली होती.

एक गोष्ट लिहून ठेवते. घरी येताना मनात आलं की एवढा मोठा सरकारी कागद मी डिक्शनरीवाचून लावला. अशा वेळी असं मनात यावं याची लाज वाटते. पण आलं.

शनिवार, १५ ऑगस्ट

ओढ्यावर रंगू भेटली. पांढऱ्या कपाळानं धुणं बडवत होती. मी शेजारी बसले.

"ताई, मे म्हंजे कंचा म्हैना?"

"वैशाख संपतो तो."

"आन जून?"

"त्याच्या पुढचा."

ती जरा थांबली. "मग त्यांच्या आखरीच्या पत्रावर जूनची पाच तारीख कशी वो? तुमीच वाचली व्हती."

खरंच वाचली होती. मी तिची समजूत घातली की लढाईवर तारखा मागंपुढं होतात, पत्र आधी लिहून मग तारीख घातली असेल. ती पुन्हा बडवू लागली. दुःखात माणूस कुठल्याही काडीला धरून बसतं. मीही बसले होते.

रविवार, ३० ऑगस्ट

तीन आठवडे तासगावला मास्तरांकडं जाता आलं नाही. सगळीकडं चळवळ, कुठं तारा तोडलेल्या, कुठं पोलीस. आज आई म्हणाली आता शांत आहे, तर गेले.

निघताना आईनं एक बातमी सांगितली. रंगूचा भाऊ हरिबा रहिमतपूरहून गाडी घेऊन आला आहे, उद्या सकाळी तिला कायमची माहेरी नेणार. पाटणकडचा एक बिजवर त्यानं हेरून ठेवलाय म्हणे, वर्ष सरलं की पाट लावायचा. आबा-मावशी अडवणार नाहीत. कशाला अडवतील? पोरीचं पुढं आयुष्य आहे.

नानासो मास्तर साताऱ्याच्या हायस्कुलातून पेन्शनीत निघाले त्याला तेरा वर्षं झाली. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण वहीतली चूक अजून लांबून दिसते. वही कोरी का म्हणाले, तेव्हा मी सगळं सांगितलं. नाथाजीचं, रंगूचं, उद्याच्या गाडीचंही.

"वाक्य कसं होतं? जसंच्या तसं सांग."

मी घडाघडा म्हणून दाखवलं. मास्तरांची तपकीर चिमटीतच राहिली.

"त्याच्या पुढं?"

"पुढचं वाचलं नाही मास्तर. रडारड सुरू झाली."

त्यांनी चिमटी डबीत परत झटकली. मग हळहळ नाही, चौकशी नाही, एकदम क्रियापदांवरच घसरले. वय झालं की असं होत असेल. सांगितलं ते उतरवून ठेवते.

मुख्य क्रियापदाला हात देणारी क्रियापदं दोन जातींची. एक इज, हॅज, डिड ही साधी साहाय्यक. ही कारकून मंडळी. झालं ते आणि कधी झालं ते नोंदवतात, प्रश्न करायला आणि नाही म्हणायला उपयोगी पडतात. स्वतःचं मत नाही. ‘ही हॅज कम’, आला आहे, संपलं. दुसरी कॅन, मस्ट वगैरे. यांना मोडल म्हणायचं. जुन्या पुस्तकांत यांचं नाव डिफेक्टिव्ह, म्हणजे उणी, कारण यांना रूपं नाहीत. ‘ही कॅन्स’ होत नाही, ‘मस्टिंग’ होत नाही. राजा असो की शिपाई, रूप एकच. आणि मुख्य म्हणजे ही घडलेलं सांगत नाहीत. बोलणाऱ्याला काय वाटतं ते सांगतात. शक्य वाटतं की खात्री वाटते, की नुसता हुकूम आहे.

"यातलं आणखी एक आहे," मास्तर म्हणाले, "ते तुझं तुला भेटेल." आणि चार वाक्यं दिली. ‘इट हॅज रेन्ड. इट मे हॅव रेन्ड. द कार्ट हॅज कम. द कार्ट मे हॅव कम.’ "इथं करू नकोस. घरी जाऊन मराठीत कर. झाली की तो सरकारी कागद स्वतःच्या डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाच. उद्या गाडी जुंपायच्या आत."

निघताना शेजाऱ्यांची गाडी सांगून मला पोचवायला लावली. तीन मैल तर आहे, नेहमी चालतच जाते. आज एवढी माया कुठून आली कोण जाणे.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं. आता वाक्यं. दुसरं वाक्य मे महिन्यातल्या पावसाचं दिसतं. वळीव असेल.

सोमवार, ३१ ऑगस्ट

चौथ्या वाक्याशी अडले. गाडी मे महिन्यात आली आहे, असं लिहिलं आणि ते डोळ्यांना खुपलं. मेचं अक्षर मोठं हवं, मास्तरांनी तर लहान काढून दिलं होतं. आणि महिना असता तर त्याच्यामागं ‘इन’ नको का? मग आठवलं, सांगलीच्या आश्रमात शिकत होते तेव्हा वर्गाच्या दारात आम्ही रोज म्हणायचो, ‘मे आय कम इन’. आत येऊ का. सहा वर्षं म्हटलं. त्यातला ‘मे’ कोण, हे एकदाही विचारलं नाही.

मास्तर म्हणाले होते ते आणखी एक हेच.

रात्री डोळा लागला नाही. फटफटताच उठून निघाले. आईला नुसतं सांगितलं, "माझी चूक झाली आहे, सांगून येते."

दारात गाडी उभी होती. हरिबा बैलांना पाणी दाखवत होता, रंगूचं गाठोडं चाकाशेजारी ठेवलेलं.

"आबा, तो कागद द्या."

"आता कशापायी?"

"द्या. मी नीट वाचला नव्हता."

आबांनी ट्रंकेतून काढून दिला. कागद मांडीवर पसरून वाचला. ‘ही मे हॅव बीन किल्ड’, आणि घडीच्या खाली, ज्या दोन ओळी मी त्या दिवशी वाचल्याच नव्हत्या, ‘ऑर ही मे हॅव बीन टेकन प्रिझनर’. पुढं, आणखी काही कळल्यास कळवण्यात येईल. मी तो तीनदा वाचला. मग सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की, ‘मी चुकले, माझ्या तोंडून खोटं गेलं’, हे आधी म्हणाले आणि बाकीचं नंतर.

मावशी माझ्यापुढं येऊन बसल्या. "म्हंजी माजा नाथा हाय?"

"मावशी, ‘आहे’ असं नाही लिहिलेलं."

"मग न्हाई?"

"‘नाही’ असंही नाही."

"आवं मग काय लिवलंय काय त्यात?"

"असेल, असं लिहिलंय. मारला गेला असेल, नाहीतर शत्रूनं धरून नेला असेल. बेपत्ता आहे. त्यांनाच ठाऊक नाही."

"आसंल," मावशी म्हणाल्या. शब्द तोंडात घोळवत राहिल्या. "आसंल."

हरिबा आत आला होता. तो संतापला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "बारावा घातला, पिंड पाडलं, गाव जेवलं! आन आता म्हनं आसंल! बाई, तुमाला येत न्हवतं तर न्हाई म्हनायचं व्हतं की वो!"

तेवढ्यात रंगू पुढं झाली. मला वाटलं ती मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सत्तावीस दिस," ती म्हणाली. "सत्तावीस दिस मी हिच्या त्वांडानं इधवा हाय." मग माझ्यासमोर टेकली. "ताई, खरं सांगा. दोनी आसंल सारकंच हायती का त्यातला येक थोरला हाय?"

असा प्रश्न मास्तरांनीही कधी विचारला नसता. मी पुन्हा कागद बघितला. दोन्हीकडं तोच शब्द. "सारखेच आहेत."

"मग मी दुसरा धरती."

"आगं, आसंल म्हनून काय जल्म काढनार हाईस?" हरिबा म्हणाला.

"तू जा दादा. गाडी रिकामी ने."

"दिवाळीपतूर बघीन. भाऊबीजेला परत येतो. मग ऐकायचा न्हाई मी."

आबा एवढा वेळ खांबाला टेकून बसले होते. आता उठले, गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

मावशींनी करंडा आणला. रंगूनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढं धरला. "तुमीच पुसलं, तुमीच लावा."

मी मागं सरकले. माझ्या हातचं कुंकू कोण लावून घेतं? मी तसं म्हटलंही. मावशी म्हणाल्या, "लावा बाई. तिचं म्हननं हाय तर लावा." मग लावलं. जरा वाकडंच लागलं. कासारीण येईपर्यंत मावशींनी आपल्या दोन बांगड्या उतरवल्या आणि त्याही मलाच तिच्या हातात भरायला लावल्या. चुकीची शिक्षा म्हणून मी ती निमूट घेतली.

घरी आईला सगळं सांगितलं. बांगड्यांपाशी आले तशी ती पदरानं डोळे पुसू लागली. गाव नावं ठेवील याची तिला भीती वाटली असणार. पण मग मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवत बसली, ते का, कळलं नाही.

डोक्यावरून मोळी उतरल्यासारखं वाटतंय. एक माणूस जिवंत झाला असं नाही. पण मी त्याला मारलं होतं, तो आता माझ्या हातून तरी मेलेला नाही.

रविवार, ६ सप्टेंबर

मास्तरांना विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मग सांगितलं का नाही?

"मी कागद पाहिला होता का?" ते म्हणाले. "तुझ्या पाठांतरावर कुणाचं कुंकू परत द्यायचं? पुढच्या ओळीत ‘बट वुई नाऊ नो’, पण आता नक्की कळलंय, असं असतं तर? मला फक्त शंका होती. शंका आपण खात्री म्हणून सांगायची नाही, हाच तर धडा होता." मग तपकीर ओढून म्हणाले, "आणि चूक तुझी होती. दुसऱ्यानं जाऊन सांगितली असती तर तू त्या घरात पुन्हा पाय ठेवला असतास का?"

गावात दोन तट आहेत. काही बायका रंगूला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ना सवाशीण ना इधवा, म्हणतात. रंगू म्हणते, "नगं बोलवू द्या. घरात लय काम पडलंय."

शनिवार, २६ सप्टेंबर

आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व संपलं. आज क्षमावाणी, वर्षभरातल्या अपराधांची एकमेकांकडं क्षमा मागायची. मंदिरातून थेट रंगूकडं गेले, हात जोडले.

"आवं, किती येळा मागताय?" ती म्हणाली. "त्यापरीस सरकारला इचारा की, कुटं ठिवलाय माझा मानूस. तुमास्नी लिवता येतं न्हवं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. क्षमा मागण्यातच महिना घालवला.

रविवार, ११ ऑक्टोबर

पलटणीच्या दप्तराला लिहायचा अर्ज चौथ्यांदा फाडला. मास्तर स्वतः लिहून द्यायला तयार नाहीत, म्हणतात वाचेन फक्त. रंगूनं काय लिहायचं ते सांगितलंय, "त्यो कुटं हाय ते तुमास्नी ठावं आसंल तर सांगायलाच पायजे. न्हेताना इचारलं न्हाई, आता सांगताना तरी सांगा." मी त्याचं ‘यू मस्ट टेल अस’ केलं आणि मग घाबरून खोडलं. सरकारला ‘मस्ट’ म्हणायचं? त्याजागी ‘यू मे काइंडली’ घातलं.

मास्तरांनी भिंग लावून वाचलं. "हे खोडलेलं कुणाचं?"

"रंगूचं."

"आणि हे वर घातलेलं?"

"माझं."

"अर्ज कुणाचा?"

मी ‘मस्ट’ परत लिहिलं. ते म्हणाले, वर एक ‘प्लीज’ घाल, तेवढं शोभेल.

शनिवार, १७ ऑक्टोबर, सांगली

दसऱ्याची सुट्टी लागली. इकडं चळवळीमुळं टपालाचा भरवसा नाही, म्हणून अर्ज सांगलीतूनच टाकायचं ठरवलं. रंगू म्हणाली मीबी येती. मोटार आता कोळशाच्या गॅसवर चालते, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. रंगूनं पुरुषांच्या बरोबरीनं ढकलली. तोंडावर काजळी, कपाळावर कुंकू.

टपालकचेरीत रजिस्टर करून पाकीट दिलं. कारकुनानं शिक्का मारला तसा रंगूनं नमस्कार केला, देवाला करतात तसा. मग आश्रमात माझ्या जुन्या बाईंकडं उतरलो. वाटेत हळदीच्या पेठेतून आलो. वखारींतून उडालेली हळद रस्त्यावर, भिंतींवर, आमच्या पायांवर. रंगू एकदम हसायला लागली. "ताई, बघा की, हळद लागली आपल्या दोघींस्नी!" मीही हसले. शेवटचं इतकं कधी हसले होते ते आठवत नाही.

मग ती म्हणाली, "तुमचं मालक गेलं तवा कागद कुनी वाचला वो?"

"सासऱ्यांनी."

"तुमी बगितला का त्यो?"

नाही बघितला. कधीच मागितला नाही. पण त्यात शंकेला जागा नव्हती. माझे दीर दहनाला उभे होते. तसं तिला सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि आश्रम येईपर्यंत सोडला नाही. लहान पोरीसारखी वाट चुकायची भीती वाटत असावी तिला.

मंगळवार, १० नोव्हेंबर, भाऊबीज

हरिबा आला. गाडी घेऊनच आला. उत्तर अजून आलेलं नाही. मला राहवेना, मी आबांच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसले.

रंगूनं त्याला ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं घातलं. ती ते उलगडून बघत राहिली. हिरवं होतं, जरीकाठी.

"ह्ये काय आनलंस दादा?"

हरिबा खाली बघून म्हणाला, "आयनं दिलंय. म्हनली, पोरगी वाट बगतीया तर बगू दे. आमी कोन?" मग माझ्याकडं वळून, "बाई, त्या दिशी लय बोललो. रागवू नगा."

मी काय रागावणार. दोन वेळचं जेवून तो रिकामी गाडी घेऊन गेला. पाटणच्या बिजवराला म्हणे मुलगी मिळाली. देव त्याचं भलं करो.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आलं.

तिसऱ्या प्रहरी पोस्टमन शाळेतच आला, कारण उत्तर माझ्या पत्त्यावर मागवलं होतं. पाकीट न फोडता नेलं. आबा, मावशी, रंगू, तिघंही ओळीनं बसले. मी म्हणाले, "मी आधी मनात वाचणार. सगळं. तोवर कुणी काही विचारायचं नाही."

एकदा वाचलं. दुसऱ्यांदा प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं. ‘मे’ कुठं दडलाय का ते पाहिलं, ‘मस्ट’ आहे का पाहिलं. नव्हतं. पाठीमागं काही आहे का पाहिलं. कोरं होतं.

"आवं बोला की बाई, जीव जातोय माजा!" मावशी ओरडल्या.

"‘इज’ आहे, मावशी. ‘ही इज अ प्रिझनर ऑफ वॉर.’ असेल नाही. आहे! नाथाजी आहे! इटलीत, कैद्यांच्या छावणीत. जिवंत आहे."

"हाय?"

"हाय!" मी ओरडले. मी गावच्या बोलीत कधी बोलत नाही, आश्रमात ती सोडवली होती. पण ‘आहे’ त्या वेळी पुरेना.

आबा उठून गोठ्यात गेले. तिथून त्यांचं रडणं ऐकू आलं, पुरुषाचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. मावशी रंगूच्या गळ्यात पडल्या. रंगू मात्र रडली नाही. भिंतीला पाठ टेकून पाय लांब पसरून बसली, दिवसभर शेतात भांगलून आलेली बाई बसते तशी, आणि डोळे मिटून घेतले. तिथंच तिला झोप लागली. इतक्या दंग्यात, दिवसाढवळ्या. मावशींनी तिच्या अंगावर वाकळ टाकली आणि सगळ्यांना गप्प केलं.

ज्या बायका बोलवत नव्हत्या त्या संध्याकाळपर्यंत येऊन गेल्या. रंगू झोपलेलीच होती, त्यामुळं त्यांना नुसतंच परत जावं लागलं.

रविवार, २९ नोव्हेंबर

मास्तरांना उत्तर दाखवलं. भिंगातून वाचलं, घडी घातली, परत दिलं. "चांगलं टंकलंय," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत होते. हल्ली त्यांच्या डोळ्यांना फार पाणी येतं.

पुढचा पाठ अप्रत्यक्ष कथनाचा. त्यात ‘मे’चं ‘माइट’ होतं. मार्चच्या परीक्षेचा अर्ज भरून दिला. भीती आहे, पण पहिल्यासारखी नाही. येत नसेल ते ‘येत नाही’ असं लिहून येईन.

सोमवार, १८ जानेवारी १९४३

सकाळी दुसरीच्या मुली पाढे म्हणत होत्या. दारात सावली पडली. मनुबाई मावशी होत्या, अनवाणी, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. इतक्या वर्षांत त्या शाळेच्या पायरीवर चढल्या नव्हत्या. हातात एक भुरकट कार्ड.

"मावशी, काय झालं?"

"नाथाचं पत्र आलंय."

"कुणी वाचलं?"

"वाचायचं काय त्यात? ह्यो त्याचाच हात हाय." त्यांनी कार्ड उलटं धरलं होतं, अक्षरं डोक्यावर उभी. "ही बगा त्याची ओळ. पोरापासनं तिरकी जाती. गुरुजी छड्या मारून दमलं, पन सरळ आली न्हाई."

खरंच, ओळ उजवीकडं चढत गेली होती.

"मग वाचून दाखवू?"

"दावा की. पन सावकाश. आज घाई न्हाई."

त्या खुर्चीवर बसेनात. मुलींच्या बस्करावर, दोन पोरींच्या मधे मांडी घालून बसल्या. मी वाचलं.

‘आईस दंडवत. मी खुशाल आहे. पायास लागले होते, ते बरे झाले. येथे थंडी फार, पण कांबळे मिळाले. पाव मिळतो. भाकरीची आठवण येते. आबांनी तांबड्या बैलास विकू नये. रंगूस सांगावे, मी येईन.’

मावशींनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. मुली पाढे विसरून ऐकत होत्या. चौथ्यांदा मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच एका सुरात म्हणायला सुरुवात केली, पाठ झालं होतं त्यांना. वीस पोरींचा आवाज, आणि मधे बसलेल्या मावशी प्रत्येक वाक्याला मान हलवून लेकाला उत्तर देत होत्या.

"पायास लागले होते, ते बरे झाले."

"व्हय रं बाळा, व्हय."

"भाकरीची आठवण येते."

"यील, यील. ये तू. थापून ठिवती."